घर वाशीत, मालक परदेशात: मालमत्ता कराचा हिशेब नेमका कसा होतो?

वाशी, नेरूळ, ऐरोली किंवा खारघरच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये काही फ्लॅटचे मालक हमखास दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत राहत असतात. कुठे दाराला कुलूप असतं, कुठे भाडेकरू राहतो, तर कुठे वयस्कर आईवडील. सोसायटीचा मेंटेनन्स ठरल्यासारखा ईमेलवर येतो, त्यामुळे तो भरला जातो. महापालिकेचं बिल मात्र बंद दारात पडून राहतं किंवा भाडेकरूच्या ड्रॉवरमध्ये जातं. घर विकायची वेळ आली की थकबाकी आणि शास्तीचा आकडा समोर येतो.

परदेशात राहणाऱ्या मालकाचा गोंधळ एका शब्दापासून सुरू होतो. ‘प्रॉपर्टी टॅक्स’ म्हणताना अनेक जण दोन वेगळे कर एकत्र करतात. एक कर महापालिकेचा, जो घराला लागतो. दुसरा केंद्र सरकारचा आयकर, जो घरातून मिळणाऱ्या भाड्यामुळे मालकाला लागतो. पहिल्याला मालक कुठे राहतो याच्याशी काही देणंघेणं नाही, दुसऱ्यात मात्र त्यावरून बराच फरक पडतो.

आधी एक प्रश्न: घर कोणत्या महापालिकेत?

‘नवी मुंबईत फ्लॅट आहे’ एवढं सांगून भागत नाही. सिडकोची स्थापना १९७० ची. तिने वसवलेल्या नवी मुंबईचे नोड आज वेगवेगळ्या हद्दींत आहेत. बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा हा भाग नवी मुंबई महानगरपालिकेकडे आहे. ही महापालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे नोड १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत गेले.

या फरकाचा खिशावर किती परिणाम होतो, हे पनवेलमध्ये दिसलं. तिथे महापालिकेने २०२१ मध्ये मालमत्ता कराची बिलं पाठवली ती थेट ऑक्टोबर २०१६ पासूनची. सिडकोला आधीच सेवा शुल्क भरलं असताना त्याच काळाचा कर पुन्हा का, असा रहिवाशांचा सवाल होता. हा ‘दुहेरी करा’चा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. इथे राहणाऱ्यांना निदान मोर्चे, बैठका आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून विषय कळत होता. परदेशातल्या मालकाचा समज मात्र ‘बिलच आलं नाही, म्हणजे काही देणं नाही’ असाच राहण्याची शक्यता जास्त.

मुंबई महापालिकेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ केला. ती बातमी परदेशात पोचली आणि अनेकांनी ती आपल्या नवी मुंबईच्या घरालाही लावली. पण मुंबई आणि नवी मुंबई या दोन स्वतंत्र महापालिका आहेत. मुंबईची माफी खाडी ओलांडून आपोआप येत नाही.

महापालिकेचा कर कशावर ठरतो?

नवी मुंबईत कराचा पाया आहे ‘करयोग्य मूल्य’. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार त्याची रीत अशी:

१) हे घर भाड्याने दिलं, तर वर्षाला वाजवी भाडं किती मिळेल, हे महापालिका ठरवते. यालाच वार्षिक भाडेमूल्य म्हणतात.

२) त्यातून दुरुस्तीखर्चापोटी सरसकट १० टक्के वजा होतात. उरतं ते करयोग्य मूल्य.

३) या मूल्यावर सर्वसाधारण कर आणि बिलात दाखवलेले इतर कर टक्केवारीने लागतात. राज्य सरकारचा शिक्षण करही याच बिलातून वसूल होतो.

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे फक्त रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. समजा, नेरूळच्या एका फ्लॅटचं वार्षिक भाडेमूल्य महापालिकेने ४०,००० रुपये ठरवलं. १० टक्के, म्हणजे ४,००० रुपये वजा केले की करयोग्य मूल्य ३६,००० रुपये. सगळ्या करांची मिळून टक्केवारी ४० धरली, तर वर्षाचा कर १४,४०० रुपये. प्रत्यक्ष घराचं करयोग्य मूल्य आणि प्रत्येक कराचा दर बिलावर छापलेला असतो.

या गणितात मालकाचा पासपोर्ट, व्हिसा किंवा पगार कुठेच येत नाही. शेजारच्या सारख्याच फ्लॅटचा मालक वाशीच्या बाजारात काम करत असो किंवा अबू धाबीत, पालिकेच्या लेखी एनआरआय असा वेगळा गट नाही. घराचा वापर बदलला तर मात्र बिल बदलतं. राहत्या फ्लॅटमध्ये क्लास किंवा ऑफिस सुरू झालं, तर बिगरनिवासी दर लागू शकतो, आणि तो राहत्या घराच्या दरापेक्षा बराच जास्त असतो. भाडेकरूने मालकाला न सांगता असा वापर सुरू केला, तरी नोटीस मालकाच्याच नावाने निघते.

बिल भरायचं कोणी?

इथे परदेशातली सवय आड येते. ब्रिटनमध्ये कौन्सिल टॅक्स साधारणपणे घरात राहणारा भरतो, म्हणजे भाड्याच्या घरात भाडेकरू. दुबईत भाडेकरूकडून वार्षिक भाड्याच्या ५ टक्के इतकी हाउसिंग फी वीज-पाण्याच्या बिलातूनच घेतली जाते. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला ‘घरात राहील तो भरेल’ असं वाटणं स्वाभाविक आहे.

महाराष्ट्रात घर भाड्याने दिलं असलं, तरी मालमत्ता कराची प्राथमिक जबाबदारी मालकाची असते. भाडेकरूने भरावा असं करारात लिहिता येतं, पण तो त्या दोघांमधला व्यवहार झाला. भाडेकरूने नाही भरला, तर थकबाकी घराच्या नावावर चढते.

मालमत्ता कर वर्षातून दोन हप्त्यांत, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला आगाऊ देय होतो. बिलाची मुदत उलटली की दरमहा २ टक्के शास्ती लागू होते. २ टक्के ऐकायला कमी वाटतात. वरच्या उदाहरणात सहा महिन्यांचं बिल ७,२०० रुपयांचं आहे, म्हणजे शास्ती महिन्याला १४४ रुपये. पण सरळ हिशेबाने ५० महिन्यांत ती १०० टक्के होते, म्हणजे मूळ कराएवढीच. तोवर पुढची आठ बिलंही त्याच वाटेवर आलेली असतात.

मालमत्ता कराचा घरावर पहिला बोजा असतो. थकबाकी राहिली तर महापालिका जप्ती आणि लिलावापर्यंत जाऊ शकते. तेवढी वेळ आली नाही, तरी घर विकताना खरेदीदार, त्याची बँक आणि सोसायटी कराची पावती मागतात. महापालिका अधूनमधून शास्तीत सूट देणाऱ्या अभय योजना आणतात. नवी मुंबईत मार्च २०२४ मध्ये अशी योजना होती. पण पुढची योजना कधी येईल याच्या भरवशावर थकबाकी ठेवणं म्हणजे दरमहा २ टक्क्यांनी वाट पाहणं.

कुलूपबंद घराला सूट मिळते का?

घरात कोणी राहत नाही, पाणी नाही, कचरा नाही, मग कर कशाचा? हा प्रश्न परदेशातून हमखास येतो. उत्तर असं, की कर घराच्या भाडेमूल्यावर आहे, वापरावर नाही. सलग रिकाम्या राहिलेल्या मालमत्तेसाठी काही करांच्या परताव्याची तरतूद कायद्याच्या नियमांत आहे, पण तो आपोआप मिळत नाही. घर रिकामं असल्याची लेखी सूचना महापालिकेला वेळेत द्यावी लागते. ‘गेली सहा वर्षं घर बंद होतं’ असं मागाहून सांगून जुनी बिलं कमी होत नाहीत.

आता दुसरा कर: भाड्यावरचा आयकर

घर भाड्याने दिलं की आयकराचा विषय सुरू होतो. भारतातल्या घराचं भाडं हे भारतात मिळालेलं उत्पन्न आहे. त्यामुळे मालक कुठेही राहत असला, तरी त्यावर भारतात कर लागतो. हिशेबाच्या पायऱ्या तीनच आहेत: वर्षाचं भाडं घ्यायचं, त्यातून महापालिकेला प्रत्यक्ष भरलेला कर वजा करायचा, आणि उरलेल्या रकमेतून ३० टक्के प्रमाणित वजावट घ्यायची. दुरुस्ती, रंगकाम, दलाली हे सगळं त्या ३० टक्क्यांत आलं. गृहकर्जाच्या व्याजाची वजावट असेल तर ती त्यानंतर.

त्याच नेरूळच्या फ्लॅटचं भाडं महिना ३०,००० रुपये धरू.

वर्षाचं भाडं: ३,६०,००० रुपये
महापालिकेचा कर वजा: १४,४०० रुपये
उरले: ३,४५,६०० रुपये
३० टक्के वजावट: १,०३,६८० रुपये
करपात्र उत्पन्न: २,४१,९२० रुपये

दोन्ही करांची गाठ दुसऱ्या ओळीत पडते. महापालिकेच्या कराची वजावट मिळते ती मालकाने स्वतः भरला असेल तरच, आणि ज्या वर्षी भरला त्याच वर्षी. भाडेकरूने भरला, तर वजावट नाही आणि करपात्र उत्पन्न २,५२,००० रुपये होतं. उलट, मागच्या पाच वर्षांची थकबाकी एकाच वर्षी भरली, तर त्यातल्या कराच्या रकमेची वजावट त्या वर्षी मिळते. म्हणून पावती मालकाच्या नावावर आणि पैसे मालकाच्या खात्यातून गेलेले असणं सोयीचं.

आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. या मालकाचं भारतात दुसरं काही उत्पन्न नसेल, तर त्याचा आयकर शून्य.

कर शून्य, मग दरमहा ९,३६० रुपये का कापले जातात?

मालक अनिवासी असेल, तर भाडं देताना भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो. १९६१ च्या आयकर कायद्यात ही तरतूद कलम १९५ मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि टीडीएसच्या तरतुदी कलम ३९३ मध्ये एकत्र आल्या. कलमांचे क्रमांक बदलले, पण अनिवासी मालकाच्या भाड्यावर कपात करण्याचं बंधन कायम आहे.

सर्वसाधारण दर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. आणि तोही पूर्ण भाड्यावर. ३०,००० च्या भाड्यातून ९,३६० रुपये कापले जातात, मालकाच्या हाती येतात २०,६४०. वर्षभरात कापलेली रक्कम १,१२,३२० रुपये. कर शून्य असल्याने ती सगळी परत मिळू शकते, पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं. अशा अनिवासी मालकाला आयटीआर-१ चालत नाही, साधारणपणे आयटीआर-२ भरावा लागतो. ‘उत्पन्न करपात्र नाही, मग रिटर्न कशाला’ म्हणून गप्प बसणारा मालक आपलेच लाखभर रुपये सरकारकडे सोडून देतो.

बहुतेक भाडेकरूंना वेगळाच नियम माहीत असतो: भाडं महिना ५०,००० रुपयांच्या वर गेलं तरच टीडीएस, आणि तोही २ टक्के. तो नियम निवासी मालकासाठी आहे. अनिवासी मालकाच्या बाबतीत किमान मर्यादा नाही, भाडं १५,००० असलं तरी कपात लागते. त्यासाठी भाडेकरूला टॅन क्रमांक घ्यावा लागतो, रक्कम सरकारजमा करावी लागते आणि दर तिमाहीला विवरणपत्र भरावं लागतं. कपात केली नाही तर कर आणि व्याजाची जबाबदारी भाडेकरूवर येते. म्हणून मालकाने आपण अनिवासी असल्याचं भाडेकरूपासून लपवणं हे त्याला अडचणीत टाकण्यासारखं आहे. करारातच ते स्पष्ट लिहिलेलं बरं.

एवढी मोठी कपात टाळण्याचा कायदेशीर मार्गही आहे. मालक आयकर खात्याकडे कमी दराने कपात करण्याच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करू शकतो. ते मिळालं की भाडेकरू त्यात दिलेल्या दरानेच कापतो.

१२ लाखांची सवलत एनआरआयला आहे का?

नाही. १२ लाखांपर्यंत कर नाही, ही गेल्या वर्षी गाजलेली गोष्ट करसवलतीमुळे शक्य होते आणि ती सवलत फक्त निवासी व्यक्तींना आहे. समजा, एका मोठ्या फ्लॅटचं भाडं महिना ६०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ७,२०,००० रुपये. महापालिकेचा कर २०,००० रुपये. उरलेल्या ७ लाखांतून ३० टक्के वजा केले की करपात्र उत्पन्न ४,९०,००० रुपये. निवासी मालकाला, दुसरं उत्पन्न नसेल तर, यावर काही भरावं लागत नाही. अनिवासी मालकाला ४ लाखांवरच्या ९०,००० रुपयांवर ५ टक्क्यांनी ४,५०० रुपये आणि उपकर धरून ४,६८० रुपये भरावे लागतात. टीडीएस मात्र कापला गेला २,२४,६४० रुपये. विवरणपत्र भरलं तर २,१९,९६० रुपये परत.

कुलूपबंद घरावर आयकर लागतो का?

भारतात दोन घरांपर्यंत वार्षिक मूल्य शून्य धरता येतं, म्हणून भाड्याने न दिलेल्या एक-दोन घरांवर आयकर लागत नाही. तिसऱ्या घरापासून भाडं मिळालं नाही तरी काल्पनिक भाड्यावर हिशेब होतो.

सगळे देश एवढे उदार नाहीत. स्पेनमध्ये घर घेतलेल्या अनिवासी मालकाला ते स्वतःसाठी ठेवलं असलं, तरी दरवर्षी काल्पनिक उत्पन्नावर कर भरावा लागतो. घराच्या सरकारी नोंदीतल्या मूल्याच्या २ टक्के, किंवा ते मूल्य अलीकडे सुधारलेलं असेल तर १.१ टक्के, इतकं उत्पन्न धरलं जातं. युरोपीय संघाबाहेरच्या मालकाला त्यावर २४ टक्के कर लागतो. १ लाख युरो मूल्य असेल, तर १.१ टक्क्यांनी १,१०० युरो उत्पन्न आणि २६४ युरो कर. स्थानिक संस्थेचा घरकर त्याशिवाय वेगळा. नवी मुंबईत बंद घरावर फक्त महापालिकेचंच बिल येतं, हे त्या मानाने स्वस्त आहे. अर्थात वेळेवर भरलं तर.

राहत्या देशातही पुन्हा कर?

हे त्या देशावर अवलंबून आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तीच्या अशा भाड्यावर आयकर नाही, त्यामुळे भारतातला हिशेब हाच शेवटचा. अमेरिका आणि ब्रिटनमधले रहिवासी मात्र साधारणपणे जगभरच्या उत्पन्नाला उत्तरदायी असतात. नवी मुंबईचं भाडं तिथेही दाखवावं लागतं आणि भारतात भरलेल्या आयकराचं श्रेय कर करारानुसार मागता येतं. ‘तिकडे भरतो, म्हणून इकडे नाही’ असं होत नाही. घर ज्या देशात, त्या देशाचा त्याच्या भाड्यावर कर लावण्याचा हक्क या करारांत राखलेला आहे.

वडिलांच्या नावाचं बिल

नवी मुंबईतली बरीच घरं पहिल्या पिढीने सिडकोकडून घेतलेली आहेत. वडील गेले, मुलगा कॅनडात आणि बिल अजून वडिलांच्याच नावाने येतंय, असं चित्र सर्रास दिसतं. वारसाने कर भरत राहणं चांगलंच, पण नुसता कर भरल्याने घर नावावर होत नाही. महापालिकेत नाव बदलणं, सोसायटीत सभासदत्व हस्तांतरित करणं आणि सिडकोच्या भाडेपट्ट्याची जमीन असेल तर सिडकोकडची नोंद, ही तीन वेगळी कामं आहेत.

इथल्या नातेवाइकाला मुखत्यारपत्र देऊन ती करून घेता येतात. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित किंवा अपोस्टिल करून घ्यावं लागतं, आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

परदेशात बसून काय करता येईल?

– घराचा मालमत्ता क्रमांक शोधून जपून ठेवणं. जुन्या बिलावर तो असतो. महापालिकेच्या संकेतस्थळावर त्यावरून थकबाकी दिसते आणि भरताही येते. त्यासाठी मुखत्यारपत्र लागत नाही.

– महापालिकेच्या नोंदीत चालू मोबाइल क्रमांक आणि ईमेल घालून घेणं.

– एप्रिल आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांची आठवण कॅलेंडरमध्ये लावणं.

– कर स्वतःच्या एनआरओ खात्यातून भरणं आणि पावती त्या आर्थिक वर्षाच्या फोल्डरमध्ये ठेवणं.

– भाडं एनआरओ खात्यातच घेणं, भाडेकरूकडून टीडीएसचं प्रमाणपत्र मागून घेणं आणि विवरणपत्र भरणं.

– सोसायटीचं बिल तपासणं. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. सेवाशुल्काचा हा हिशेब करताना महापालिकेचे कर धरले जात नाहीत.

आणि हे सगळं एकाच नातेवाइकाच्या भरवशावर सोडलेलं असेल, तर वर्षातून एकदा मालमत्ता क्रमांक टाकून थकबाकीचा रकाना स्वतः पाहावा. तिथे शून्य दिसलं की त्या वर्षापुरती काळजी मिटली.